स्मरणशक्तीसाठी वनस्पतींची कॅप्सूल घेताय? आधी वही-पेन घ्या

चावी कुठे ठेवली ते आठवेना म्हणून माणूस गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काची बाटली मागवतो, महिनाभर घेतो आणि सगळ्यांना सांगत सुटतो की फरक वाटतोय. आता फरक वाटणं वेगळं आणि पडणं वेगळं, ते ओळखायचं कसं एवढंच इथे लिहितोय.

बाटली उघडायच्या आधी साधी कारणं बघून घ्या. झोप पुरते का, बी-१२ कमी आहे का, थायरॉइड, डिप्रेशन. आणि सर्दी-ॲलर्जीच्या ज्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते ना, त्या मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचं काम अडवतात, नवीन गोष्ट लक्षात राहायला तेच रसायन लागतं, म्हणजे एकीकडे ती गोळी चालू आणि दुसरीकडे मेंदूचं टॉनिक चालू असा सगळा गोंधळ. विसरणं अचानक वाढलं असेल किंवा ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होत असेल तर थेट डॉक्टर, प्रयोग नंतर.

मग एकच गोष्ट निवडा. पाच-सहा अर्क एकत्र असलेली कॅप्सूल घेतली तर गुण कशाचा आणि त्रास कशाचा हे कधीच कळत नाही. गिंकोचं नाव सगळ्यात मोठं, पण अमेरिकेत ७५ आणि पुढच्या वयाच्या ३,०६९ लोकांवर चाचणी झाली, निम्म्यांना दिवसातून दोनदा १२० मिग्रॅ गिंको आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी, साधारण सहा वर्षं, आणि २००८ साली निकाल आला की डिमेन्शिया, म्हणजे म्हातारपणी स्मृती आणि विचारशक्ती ढासळण्याचा आजार, काही कमी झाला नाही. त्यासाठी घेणार असाल तर मी तरी म्हणेन पैसे वाचवा. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत भारी दिसतं पण पोटातून रक्तात फारच कमी जातं, म्हणून त्यात मिऱ्यातलं पायपरिन घालतात, त्याने शोषण वाढतं खरं पण इतर काही औषधंही रक्तात जास्त साचू शकतात, आणि अशा कॅप्सूलनी लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. कोकोतले फ्लेव्हॅनॉल नावाचे वनस्पतीतले घटक रोज ५०० मिग्रॅ देऊन केलेल्या चाचणीत (२०२३) फायदा मुख्यतः त्यांनाच दिसला ज्यांच्या खाण्यात ते आधीपासून कमी होते. चॉकलेटवर ताव मारायला हे कारण चालणार नाही, बनवताना त्यातले बरेचसे उडून जातात.

ब्राह्मी घेणार असाल तर लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव बघा, कारण बॅकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका या दोन वेगळ्या वनस्पती ब्राह्मी म्हणून विकल्या जातात आणि चाचण्या बहुतेक बॅकोपाच्या आहेत, त्याही रोज ३०० मिग्रॅ अर्क आणि १२ आठवडे अशा. आठ दिवसांत काही होत नाही. पोट बिघडतं किंवा मळमळतं, तेव्हा जेवणानंतर घ्या.

आता वही. घरातल्या कुणाला तरी १५ सुटे शब्द लिहायला सांगा, त्यांनी एकदा वाचून दाखवायचे, २० मिनिटं दुसरं काम करायचं आणि मग जेवढे आठवतील तेवढे लिहून काढायचे. दर वेळी यादी नवी. ही टेस्ट कॅप्सूल सुरू करायच्या आधी तीन-चार वेळा करा, कारण नुसत्या सरावानेही आकडा वाढतो आणि लोक इथेच फसतात. वेळ तीच ठेवा, कॉफी पण रोजच्याइतकीच, कारण कॅफिनने तरतरी येते आणि प्यायलेल्यापैकी निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही अंगात असतं. पुढे १२ आठवडे, आठवड्यातून एकदा टेस्ट, सोबत झोपेचे तास लिहायचे, मग महिनाभर बंद करून परत टेस्ट. बंद केल्यावरही आकडा तिथेच राहिला तर बहुतेक तो सराव होता.

झाडपाल्याचं आहे, काय होणारे, असं म्हणणाऱ्यांनी स्नोड्रॉप या फुलाचं बघावं, त्याच्या कंदात सापडणारं गॅलॅन्टामिन आज अल्झायमरवर डॉक्टरच्या चिठ्ठीने मिळणारं औषध आहे. जे काम करतं ते त्रासही देऊ शकतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरला न विचारता गिंको नकोच, गरोदरपणात आणि फिट्सचा त्रास असेल तरी नको. ऑपरेशन ठरलं असेल तर साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांना सरळ बाटलीच नेऊन दाखवा, तिथे नाव आठवत बसायला नको.