कपाटात पडून राहिलेला टॅब चार्ज होत नाही? या चुका टाळा

लॉकडाउनमध्ये ऑनलाइन शाळेसाठी घेतलेले कितीतरी टॅब आज कपाटाच्या तळाशी पडून आहेत. वर्षा-दीड वर्षाने काढून चार्जर लावला, तर स्क्रीन काळी ठिक्कर. दहा मिनिटं वाट बघून लोक तो मोडीत काढतात. यातले बरेच टॅब पुन्हा चालू होऊ शकतात. केवळ घाईपायी चांगली वस्तू कचऱ्यात जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बॅटरी न तपासता चार्जर लावणं

टॅब सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगत असेल, पाठ फुगीर वाटत असेल किंवा स्क्रीन कडेने उचलली गेली असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. मग चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. ई-कचरा संकलन केंद्रात किंवा दुरुस्तीवाल्याकडे द्या. ओल्या कचऱ्यात तर नाहीच.

लवकर हार मानणं

सगळ्यात जास्त टॅब इथेच वाया जातात. टॅबच्या बॅटरीतला लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्ट असतो. बंद टॅबमध्येही तो हळूहळू उतरत राहतो. ३ व्होल्टच्या खाली गेला की चार्जिंग सर्किट मुद्दाम अगदी थोडा, बहुधा नेहमीच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट सोडतं. बऱ्याच दिवसांच्या उपाशी माणसाला आधी पेज द्यावी, तसंच हे. या काळात स्क्रीनवर काहीही दिसत नाही, कारण स्क्रीन पेटवण्याएवढी वीज सेलमध्ये अजून जमलेलीच नसते.

म्हणून तीन-चार तास चार्जर लावून ठेवा, पण दिवसा आणि नजरेसमोर. गादीवर किंवा उशीखाली नको. कोमट झाला तर चालेल, चटका बसण्याइतका तापला तर लगेच काढा. आणि दर पाच मिनिटांनी पॉवर बटण दाबून बघू नका. सुरू होण्याच्या प्रत्येक प्रयत्नात जमलेली वीज खर्च होते.

मिळेल तो चार्जर, मिळेल ती केबल

कॉम्प्युटरचा जुना यूएसबी पोर्ट जेमतेम अर्धा अँपिअर देतो. टॅबसाठी ५ व्होल्ट, २ अँपिअरचा भिंतीवरचा चार्जर घ्या. केबलही बदलून बघा, कारण केबल बाहेरून धड दिसत असली तरी आतून तुटलेली असू शकते. काही स्वस्त टाइप-सी टॅब दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत. त्यांना एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल लावली की चालतात. ही गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतात.

पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. धूळ-कापूस दिसला तर टॅब बंद असताना लाकडी टूथपिकने हलकेच काढा. सुई, पिन अजिबात नको. पावसाळी दमटपणाने हिरवट थर धरला असेल, तर काम दुरुस्तीवाल्याचं.

फक्त पॉवर बटणावर भिस्त

काही तासांनंतरही काळोखच असेल, तर चार्जर तसाच ठेवून पॉवर आणि व्हॉल्यूम कमी करायचं बटण १५-२० सेकंद एकत्र दाबून धरा. होम बटण असलेल्या आयपॅडवर होम आणि पॉवर, सफरचंद दिसेपर्यंत.

व्हिडिओतले जुगाड

९ व्होल्टची बॅटरी थेट जोडून सेलला ‘झटका’ देणारे व्हिडिओ पाहून हात घालू नका. फार खोल उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना आत शॉर्ट होऊ शकतो. अशा वेळी बॅटरी बदलणं हाच मार्ग आहे.

टॅब सुरू झाला आणि वायफाय लागूनही वेबसाइट उघडेनात, तर आधी तारीख बघा. बॅटरी पार उतरल्याने घड्याळ मागे गेलेलं असतं आणि सुरक्षित साइट चुकीच्या तारखेला नकार देतात. पुन्हा ठेवून द्यायचा असेल, तर निम्मा चार्ज करून, पूर्ण बंद करून, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. दर सहा महिन्यांनी काढून पुन्हा निम्म्यावर आणा.