पासवर्ड बरोबर, तरी लिनक्स आत घेईना: लॉगिनची दुरुस्ती आणि मरत चाललेली डिस्क बदलणं

मोंढ्यातलं आडत दुकान असो की गावातलं सेवा केंद्र, लिनक्सवर चालणाऱ्या जुन्या डेस्कटॉपची एक तक्रार ठरलेली असते. पासवर्ड टाकला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि परत तीच लॉगिनची पाटी. बहुतेक जण लगेच पेनड्राइव्ह शोधून लिनक्स नव्यानं टाकायला घेतात. तसं करू नका. बिघाड डिस्कमध्ये असेल तर नवं लिनक्सही त्याच मरत्या डिस्कवर बसतं, आणि ज्या फाइली अजून वाचता आल्या असत्या त्यांच्यावर दुसरंच काहीतरी लिहिलं जातं. आधी डिस्क तपासायची, मग लॉगिनकडे वळायचं. डिस्क खराब निघाली तर तिची दुरुस्ती करत बसायचं नाही, सगळ्यात आधी नक्कल काढायची.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाका, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथं छोटी अक्षरं वापरा. सुरुवातीचं ‘सुडो’ म्हणजे ही कमांड रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याच्या, अधिकारानं चालवा. उबुंटू, मिंट आणि डेबियन या तिन्हींवर त्या चालतात.

पासवर्ड नाकारला जातोय की आत जाऊन बाहेर येतंय?

हे दोन वेगळे आजार आहेत. ‘पासवर्ड चुकीचा’ असा संदेश येत असेल तर पहिला संशय कीबोर्डवर घ्या. आपल्याकडे एकाच मशीनवर मराठी इनस्क्रिप्ट आणि इंग्रजी दोन्ही असतात. शेवटचं काम मराठीत झालं असेल तर लॉगिनच्या पाटीवरही मराठीच चालू राहू शकतं, आणि ठिपक्यांमागं काय उमटतंय ते दिसत नाही. कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह बघून इंग्रजी निवडा. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह असेल तर ते दाबून टाइप केलेलं वाचून घ्या. कॅप्स लॉकही बघा.

संदेश काहीच नाही आणि पाटी परत येते, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या स्क्रीनवर लॉगिन विचारलं जाईल. तिथं तेच नाव आणि तोच पासवर्ड चालला तर खातं शाबूत आहे, अडचण फक्त चित्रमय सत्रात, म्हणजे डेस्कटॉप उघडण्यात, आहे. तिथंही मिनिट-मिनिट अडकत असेल किंवा ‘इनपुट/आउटपुट एरर’ दिसत असेल तर दोष जवळजवळ नक्की डिस्कचा आहे.

आधी डिस्कचं ऐका

त्याच काळ्या स्क्रीनवर टाका:

सुडो डीमेसग -एच (इथं एच मोठं)

कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश पानापानानं दिसतात. बाहेर पडायला क्यू. शोधायचं ते ‘आय/ओ एरर’, ‘एटीए’ या शब्दाबरोबर येणारे एरर, आणि ‘रीमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली’. हा तिसरा संदेश लॉगिनचं कोडं सोडवतो. डिस्कवर वाचण्या-लिहिण्यात गंभीर चूक झाली की कर्नल आणखी नुकसान टाळायला मूळ फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी रचना) फक्त वाचण्यापुरती ठेवतो. पासवर्ड तपासायला वाचणं पुरतं, म्हणून तो बरोबर ठरतो. पण डेस्कटॉप उघडताना होम फोल्डरमध्ये आणि टेम्प फोल्डरमध्ये छोट्या फाइली लिहाव्या लागतात. त्या लिहिता येत नाहीत, सत्र मरतं आणि पाटी परत येते.

आता डिस्कची स्वतःची नोंदवही वाचा. त्यासाठी स्मार्टमोनटूल्स हे पॅकेज लागतं. फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती झाली असेल तर ते इन्स्टॉल होणार नाही. मग पेनड्राइव्हवरून सिस्टिमरेस्क्यू हे दुरुस्तीसाठीचं लिनक्स चालू करा. ते साधारण १ जीबीचं आहे, मोबाइलच्या नेटवरही उतरतं, आणि त्यात ही साधनं आधीच असतात. तिथं तुम्ही रूट असता, त्यामुळे सुडो लागत नाही.

एलएसबीएलके -ओ नेम,साइज,मॉडेल,सीरियल
सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

पहिली कमांड कोणती डिस्क कोणत्या नावाची ते सांगते. सीरियल नंबर कागदावर लिहून ठेवा, पुढं तोच वाचवणार आहे. दुसरीचा तक्ता लांब असतो, पण बघायच्या ओळी चारच. क्रमांक ५ म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निर्णय बाकी असलेले सेक्टर, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे, आणि १९९ म्हणजे केबलवरच्या चुका. या ओळींचा शेवटचा आकडा, ‘रॉ व्हॅल्यू’, तेवढा वाचा. १९७ किंवा १९८ शून्याच्या वर असेल तर डिस्क बदलायची. फक्त ५ क्रमांकावर थोडा आकडा असेल आणि आठवडाभरात वाढला नाही तर घाई नाही. वाढत असेल तर आहे. फक्त १९९ मोठा असेल तर आधी नवी साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) लावून बघा. डिस्क बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. हा आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, नुसता वाढायचा थांबतो.

वर ‘पास्ड’ लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका. तो निकाल फार उशिरा बदलतो. शेकडो खराब सेक्टर असलेल्या डिस्कही ‘पास्ड’ दाखवतात. एनव्हीएमई (एसएसडीचा एक वेगवान प्रकार) असेल तर नाव /डेव्ह/एनव्हीएमई० असं येतं, आणि तिथं ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्य आहे का ते बघायचं.

डिस्क ठणठणीत निघाली तर

सगळ्यात जास्त वेळा जागा संपलेली असते. डीएफ -एच टाका. होम किंवा मूळ विभाग १०० टक्के दिसला तर सुडो एपीटी क्लीन आणि सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह चालवा. दुसऱ्या कमांडनं जुने कर्नलही जातात. मग नोंदींचा ढीग कमी करा:

सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम (एम मोठं, आकडे इंग्रजी)

सेवा केंद्रात खरी जागा खातात ती आधार आणि सातबाराच्या स्कॅनच्या फाइली, आणि त्या कचरापेटीत टाकल्या तरी जागा मोकळी होत नाही. कचरापेटी होम फोल्डरमधल्या डॉट लोकल, मग शेअर, मग ट्रॅश (टी मोठं) इथं असते. ती रिकामी करा. लिनक्सची नेहमीची एक्स्ट४ फाइलसिस्टिम सहसा ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. म्हणूनच सुडोची कामं चालतात आणि साध्या खात्याला मात्र एक बाइटही मिळत नाही. जागा दिसतेय तरी लिहिता येत नसेल तर डीएफ -आय बघा. लाखो बारीक फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंदीची जागा) संपवलेले असू शकतात.

दुसरं कारण मालकीचं. कुणीतरी सुडो लावून चित्रमय प्रोग्रॅम किंवा स्टार्टएक्स चालवलेलं असतं, आणि होममधली डॉट एक्सऑथॉरिटी (एक्स मोठं) ही फाइल रूटच्या नावावर जाते. एलएस -एलए टाकून बघा. मालक रूट दिसला तर, खात्याचं नाव दुकान आहे असं धरून:

सुडो चोन दुकान:दुकान /होम/दुकान/.एक्सऑथॉरिटी

चोन म्हणजे सी, एच, ओ, डब्ल्यू, एन. तिसरं, टेम्प फोल्डरची परवानगी. एलएस -एलडी /टीएमपी या कमांडच्या उत्तरात ओळीच्या सुरुवातीच्या अक्षरांमध्ये शेवटी टी हवा. नसेल तर सुडो सीएचमॉड १७७७ /टीएमपी.

एवढ्यानं भागलं नाही तर सुडो अ‍ॅडयूजर तपास असं नवं खातं काढून त्यानं चित्रमय लॉगिन करा. ते आत गेलं तर दोष जुन्या होममधल्या सेटिंगचा, बहुतेक डॉट प्रोफाइलमधल्या चुकीच्या ओळीचा. त्या फाइलचं नाव बदलून बघा. नवं खातंही बाहेर फेकलं गेलं तर दोष सिस्टिमचा. कर्नल अपडेटनंतर लगेच सुरू झालं असेल आणि एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हरवर संशय घ्या. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा, यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असेल तर, एस्केप दाबून ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करणारा मेनू, उघडा आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. तो चालला तर उबुंटूवर सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल.

डिस्क मरतेय: आता वापर बंद

मशीन बंद करा. पहिला नियम: मरत्या डिस्कवर एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवू नका. ते डिस्कवर लिहितं, आणि अशा डिस्कवरचं प्रत्येक लिहिणं हा जुगार असतो. टकटक आवाज येत असेल किंवा बायोसला डिस्क दिसतच नसेल तर घरचे प्रयोग थांबवा; फाइली महत्त्वाच्या असतील तर डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच द्या. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला कुणीतरी देतंच. आत ओल धरते, ऐकू नका.

नवी डिस्क घेताना आकड्यात फसायला होतं. जुनी ५०० जीबीची असेल तर ४८० जीबीच्या एसएसडीवर तिची पूर्ण नक्कल बसत नाही. ५०० किंवा ५१२ जीबीची, नाहीतर १ टीबीची घ्या. डेस्कटॉपमध्ये २.५ इंची साटा एसएसडी सोपी. तिच्यासोबत साटा डेटा केबल, ३.५ इंची खणात बसवायचा ब्रॅकेट आणि एम३ स्क्रू लागतात. ३.५ इंची डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू एसएसडीत जबरदस्तीनं घालू नका. लॅपटॉपमध्ये एम.२ खाच असेल तर ती साटाची की एनव्हीएमईची हे मॉडेलच्या माहितीपत्रकात बघून मगच पैसे द्या. दोन्हींचा आकार सारखाच दिसतो.

आता मशीनची वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. जुनी आणि नवी, दोन्ही डिस्क थेट मदरबोर्डला जोडा. यूएसबी अडॅप्टर मरत्या डिस्कच्या चुकांवर वारंवार गळपटतो. सिस्टिमरेस्क्यूवरून सुरू करा आणि एलएसबीएलकेनं सीरियल नंबर जुळवा. समजा जुनी एसडीए, नवी एसडीबी. वेगळ्या पेनड्राइव्हचा विभाग एसडीसी१ असेल तर तो आधी माउंट करा, म्हणजे वापरायला जोडून घ्या, आणि मग डीडीरेस्क्यूनं नक्कल काढा:

माउंट /डेव्ह/एसडीसी१ /एमएनटी
डीडीरेस्क्यू -एफ -एन /डेव्ह/एसडीए /डेव्ह/एसडीबी /एमएनटी/बचाव.मॅप

आधी जुनी, मग नवी. हा क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि परतीची वाट उरत नाही. एंटर दाबण्याआधी कागदावरचा सीरियल नंबर पुन्हा बघा.

साधं डीडी वापरू नका, ते पहिल्याच चुकीवर थांबतं. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतं आणि अवघड जागा मागं ठेवतं. कुठवर काम झालं ते मॅप फाइलमध्ये लिहिलं जातं. लाईट कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या भागात ही फाइल म्हणजे अर्धं काम. सिस्टिमरेस्क्यू रॅममध्ये चालतं, म्हणून मॅप वेगळ्या पेनड्राइव्हवरच हवी. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर डेस्कटॉप काही मिनिटंच टिकतो, आणि नक्कल तासन्‌तास चालते. लाईट आली की पेनड्राइव्ह परत माउंट करून तीच कमांड तीच मॅप देऊन चालवा, काम पुढं सुरू होतं. मात्र मशीन नव्यानं सुरू झाल्यावर एसडीए-एसडीबी ही नावं अदलाबदल होऊ शकतात. सीरियल दरवेळी तपासा.

चांगल्या स्थितीतली ५०० जीबीची हार्ड डिस्क दोनेक तासांत उतरते, खराब सेक्टर असतील तर एक-दोन दिवसही लागतात. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या दुकानात ही नक्कल दुपारी लावू नका. रात्री लावा, कॅबिनेटचं झाकण उघडं ठेवा, टेबलफॅन जुन्या डिस्ककडे वळवा. पहिली फेरी संपली की उरलेल्या जागांसाठी:

डीडीरेस्क्यू -एफ -डी -आर३ /डेव्ह/एसडीए /डेव्ह/एसडीबी /एमएनटी/बचाव.मॅप

काम ९९.९ टक्क्यांच्या वर गेलं आणि आकडा तासभर हलला नाही तर कंट्रोल-सीनं थांबवा. उरलेल्या कणांसाठी डिस्क रगडण्यात अर्थ नाही.

नवी डिस्क जागेवर

मशीन बंद करून जुनी डिस्क पूर्ण काढा. दोन्हींचे यूयूआयडी, म्हणजे लिनक्स ज्यावरून विभाग ओळखतं ते क्रमांक, आता एकच आहेत. दोन्ही जोडलेल्या ठेवल्या तर लिनक्स जुन्या डिस्कवरून सुरू होऊ शकतं आणि ते तुमच्या लक्षातही येणार नाही. परत सिस्टिमरेस्क्यूवरून, एलएसबीएलके -एफनं एक्स्ट४ विभाग शोधा. जुनी डिस्क काढल्यामुळे आता नवीच एसडीए झाली आणि तो विभाग एसडीए२ आहे असं समजा:

ई२एफएससीके -एफ -वाय /डेव्ह/एसडीए२

हे आता चालतं, कारण लिहिणं नव्या डिस्कवर होतंय. तुटलेले तुकडे ‘लॉस्ट+फाउंड’ फोल्डरमध्ये जातात. एक गोष्ट नीट लक्षात घ्या: जो सेक्टर वाचता आला नाही तिथं नव्या डिस्कवर नुसती पोकळी असते, आणि ती फाइल यादीत नेहमीसारखीच दिसते. म्हणून हिशेबाच्या फाइली आणि डेटाबेस उघडून बघा, नुसती नावं बघून समाधान मानू नका. नवी डिस्क मोठी असेल तर जीपार्टेड या विभाग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये विभाग वाढवा. जीपीटीबद्दल, म्हणजे डिस्कवरच्या विभागांच्या तक्त्याबद्दल, विचारलं तर ‘फिक्स’ म्हणा.

पेनड्राइव्ह काढून मशीन सुरू करा. सुरू होताना ९० सेकंद एखाद्या डिस्कची वाट बघून इमर्जन्सी मोड येत असेल तर सुरुवातीला जोडायच्या डिस्कची यादी असलेल्या एफस्टॅब फाइलमध्ये, म्हणजे /ईटीसी/एफएसटॅबमध्ये, आता न जोडलेल्या डिस्कची ओळ राहिलेली आहे. तिच्यापुढं # लावा. जी डिस्क कधी जोडलेली असते, कधी नसते, तिच्या ओळीत ‘नोफेल’ हा पर्याय घाला.

जुनी डिस्क महिनाभर सीरियल नंबर आणि तारीख लिहून बाजूला ठेवा. वॉरंटी असेल तर वरचं लेबल काढू नका. भंगारात देणार असाल आणि तिच्यावर आधारचे स्कॅन, पासबुकं, सातबारे असतील तर आधी पुसा. पुसायलाही दाद देत नसेल तर ड्रिलनं तबकड्यांना तीन-चार आरपार छिद्रं पाडून मगच द्या.