मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या देणग्या: गोव्यात या चुका टाळा

मराठी-कोंकणी शब्दतपासनीस असो वा मोबाइलचा कीबोर्ड, स्वयंसेवी प्रकल्पाला पैसा लागतो तो डोमेन, सर्व्हर आणि कधीमधी हॉलच्या भाड्यासाठी. रक्कम किरकोळ, म्हणून कुणीतरी स्वतःचा यूपीआय क्यूआर कोड रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) चिकटवून मोकळा होतो. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात. सोसायटी करावी की ट्रस्ट की कंपनी, हे नंतर ठरवता येतं. आधी बघायचं ते पैसा देणार कोण आणि तो कुठून येणार.

(१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. इथे सगळ्यांच्या तोंडी बसलेले जुने क्रमांकच वापरले आहेत. फॉर्म भरताना नवे पाहून घ्या.)

देणग्या मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या) खात्यात

नात्याबाहेरच्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात, सगळे मिळून, ५०,००० रुपयांवर रक्कम मोबदल्याविना आली की ती कलम ५६(२)(एक्स) खाली करपात्र होते. आणि होते ती पूर्ण रक्कम. ४९,००० आले तर काही नाही. ५२,००० आले तर वरच्या दोन हजारांवर भागत नाही, ५२,००० उत्पन्नात धरावे लागतात.

गोव्यात पुढची गाठ वेगळी. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते आणि कलम ५ए नुसार पगार सोडून बाकी उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटून दाखवावं लागतं. म्हणजे प्रकल्पाच्या ५२,००० पैकी २६,००० अशा जोडीदाराच्या विवरणपत्रात जातात, ज्याने आयुष्यात गिट (कोड सांभाळायचं साधन) उघडलेलं नाही. खातेदार अचानक गेला तर ती शिल्लक इन्व्हेंटरी प्रोसिडिंगमध्ये (मृताच्या मालमत्तेच्या वाटणीच्या गोव्यातल्या कोर्टप्रक्रियेत) घरच्या मालमत्तेत मोजली जाण्याचा धोका असतो. 'ते पैसे प्रकल्पाचे होते' हे मग कागदावर सिद्ध करायचं कुणी?

उपाय: संस्था होईपर्यंत देणगी घेऊच नका. सर्व्हरचं बिल ज्याला भरायचंय त्याने थेट पुरवठादाराला भरावं आणि पावती सामायिक फोल्डरमध्ये टाकावी.

'तो आपलाच, शेजारच्या वाड्यावरचा'

ही गोव्यातली सर्वांत महागात पडणारी चूक. एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान कायदा २०१०, पैसा कुठल्या चलनात आला हे विचारत नाही. देणारा कुठल्या देशाचा नागरिक आहे हे विचारतो. साळगावात जन्मलेला, पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडला गेलेला माणूस सुट्टीत घरी येऊन रुपयांत ५०० पाठवतो, तरी तो विदेशी स्रोत. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही विदेशीच. उलट दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्टचा अनिवासी स्वतःच्या कमाईतून देतो ते विदेशी अंशदान नाही. 'आमची संस्था नोंदलेलीच नाही, मग कायदा कसा लागू?' हा युक्तिवाद टिकत नाही. कायद्यातल्या 'व्यक्ती'त एकटा माणूसही येतो आणि नोंदणी नसलेला गटही.

नवख्या गटाला एफसीआरए नोंदणी मिळणं जवळपास अशक्य: संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. मिळालीच तर पैसा आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचा आणि दरवर्षी एफसी-४ हा विवरणाचा फॉर्म भरायचा, एक पैसा आला नाही तरीही.

तेव्हा देणगीच्या फॉर्ममध्ये पैसे भरण्याआधी दोन रकाने ठेवा: नागरिकत्व कुठलं, आणि भारतीय पासपोर्ट आहे का. निव्वळ क्यूआर कोड हे विचारू शकत नाही, म्हणून तो काढून टाका. चुकून विदेशी रक्कम आलीच तर खर्च करू नका, इतर पैशांत मिसळू नका. लगेच सीए गाठा.

परदेशी चाहत्यांसाठी सोपी वाट म्हणजे तिथलाच फिस्कल होस्ट, म्हणजे प्रकल्पाच्या वतीने पैसे घेऊन सांभाळणारी संस्था. सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट, सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी, ओपन सोर्स कलेक्टिव्ह ही यातली ठळक नावं. ते सहसा ५ ते १० टक्के कापून घेतात आणि सर्व्हरचं बिल बाहेरच्या बाहेर भरतात. इथल्या माणसाला कामाचे पैसे द्यायचे तर खरं काम, करार आणि इनव्हॉइस हवं. देणगीला इनव्हॉइसचं सोंग देऊ नका.

महाराष्ट्राचा मसुदा जसाच्या तसा

पुण्या-मुंबईच्या संस्थेची घटना उतरवली की तिच्यात 'धर्मादाय आयुक्त' येतातच. महाराष्ट्राचा सार्वजनिक विश्वस्त कायदा गोव्यात लागू नाही, त्यामुळे ती कलमं इथे लटकतात. सोसायटी करायची तर १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य हवेत, आणि कार्यकारिणीची यादी वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत द्यायची. उद्दिष्टांत 'सॉफ्टवेअर विकास' एवढंच लिहिलं तर धंदा वाटतो. याच कायद्याच्या कलम २० मधला 'उपयुक्त ज्ञानाचा प्रसार' आधी लिहा.

सेक्शन ८ कंपनी (नफा न वाटणारी कंपनी) दोघांत होते, मोठ्या देणगीदारांना ती बरी वाटते. पण ऑडिट दरवर्षी सक्तीचं, आणि एओसी-४ (हिशेब) व एमजीटी-७ (वार्षिक विवरण) हे फॉर्म चुकले तर प्रत्येकी दिवसाला १०० रुपये. वर्षाला लाखभरही जमत नसेल तर आमच्या मते हा हत्ती पोसू नये.

८०जीची घाई

नव्या करप्रणालीतल्या देणगीदाराला ८०जीचा, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचा, उपयोगच नाही, आणि आता तीच प्रणाली आपसूक लागू असते. तरी हवं असेल तर १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी दोन्हींची तात्पुरती नोंदणी घ्या, ती तीन वर्षांची. देणग्यांचं विवरण, फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. प्रत्येक नोंदीत तारीख, यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, नाव, पत्ता, पॅन आणि नागरिकत्व हवं. निनावी देणग्या मर्यादेबाहेर गेल्या की त्या भागावर ३० टक्के कर बसतो.

देणगी की प्रायोजकत्व

कंपनीचं नाव आभारात आलं तर ती देणगी. लोगो, दुवा आणि 'आमची सेवा घ्या' आलं की ती जाहिरात, म्हणजे जीएसटीच्या हिशेबात सेवा. २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, पण हिशेब वेगळा ठेवा. 'अमुक सुविधा करून द्या, हे घ्या २०,०००' हीदेखील देणगी नाही.

संस्था झाली की पहिल्याच बैठकीत ठराव करा: बँकेत तिघांपैकी दोघांच्या सह्या, आणि डोमेन, रेपॉझिटरी (कोडचा साठा), ॲप स्टोअर खातं संस्थेच्या ईमेलवर. डोमेनचं नूतनीकरण मेंटेनरच्या खासगी क्रेडिट कार्डावर राहिलं असेल तर तेही त्याच दिवशी बदला.