मोटरहोमच्या स्टीअरिंगचं ग्रीसिंग करताय? या चुका टाळा

अमेरिकेत सेकंड हँड क्लास ए मोटरहोम (बसएवढी, आत घर असलेली गाडी) घेतलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. इंजिन ऑइल, जनरेटर, छताचं सीलिंग सगळं वेळच्या वेळी होतं, पण स्टीअरिंगच्या सांध्यांचं ग्रीसिंग मात्र "सर्व्हिसमध्ये झालंच असेल की" म्हणून सोडून दिलं जातं. आणि ते बरेचदा अर्धवट झालेलं असतं, कारण माणूस खाली शिरतो, समोर दिसतील त्या निप्पलना (ग्रीस भरायच्या बारीक टोट्यांना) दोन-दोन पंप मारतो, बिलावर चेसिस ल्यूब (गाडीच्या खालच्या सांगाड्याचं ग्रीसिंग) लिहून मोकळा होतो. अडचणीतले निप्पल कोरडेच राहतात आणि नेमके तेच सांधे आधी जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपल्या चेसिसला निप्पल किती आणि कुठे आहेत हेच माहीत नसणं. फोर्ड एफ-५३ चेसिसला पुढे सॉलिड आय-बीम अ‍ॅक्सल असतो, आपल्याकडच्या ट्रकला असतो तसाच, म्हणजे दोन्ही बाजूंना किंगपिन (ज्या उभ्या पिनवर चाक वळतं ती) वर-खाली, मग टाय रॉडची (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याची) टोकं, ड्रॅग लिंकची (स्टीअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) टोकं. जुन्या शेव्हरोले पी-३० ला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, त्यामुळे तिथे बॉल जॉइंट आहेत आणि बेल क्रँकही (स्टीअरिंगची हालचाल एका दांड्याकडून दुसऱ्याकडे वळवणारी तरफ) आहे. काही डिझेल पुशरमध्येही (मागे डिझेल इंजिन असलेल्या मोटरहोममध्ये) बेल क्रँक असतो आणि तो असा आत दडलेला असतो की गाडी विकली जाईपर्यंत कुणी त्याला ग्रीस लावलेलं नसतं. चेसिसच्या मॅन्युअलमधला ल्यूब चार्ट प्रिंट करा (घराच्या म्हणजे कोचच्या मॅन्युअलमधला नाही, चेसिसच्या कंपनीचा), खाली जाऊन एकेक निप्पल शोधा आणि पेंट मार्करने पांढरा ठिपका द्या. ज्या सांध्याला निप्पलच नाही तो सहसा सील्ड असतो, त्याला भोक पाडून निप्पल बसवायच्या भानगडीत पडू नका.

आता खाली शिरण्याबद्दल, आणि हे प्लीज नीट वाचा. लेव्हलिंग जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली कधीही जायचं नाही. ते जॅक गाडी समतल करायला आहेत, माणसाच्या जिवाची जबाबदारी घ्यायला नाहीत. एअर सस्पेन्शनवाली गाडी तर आणखी धोक्याची, एअरबॅगची हवा गेली किंवा एखादी लाइन सुटली की चेसिस काही इंच खाली येते आणि खालच्या माणसाला सरकायला वेळच मिळत नाही. वजनाला पुरेसे सेफ्टी स्टँड फ्रेमखाली लावा, चाकांना ओट (अडसर) लावा, सपाट काँक्रीटवरच काम करा. स्टँड नसतील तर काम पुढे ढकला, ग्रीस एक महिना उशिरा गेलं तर काही बिघडत नाही.

हात पोचत नाही ही तक्रार बहुतेक वेळा स्टीअरिंग फिरवल्यावरच सुटते. चाकं एका बाजूला पूर्ण वळवली की चाकामागून किंगपिनचे निप्पल दिसायला लागतात, दुसऱ्या बाजूला वळवली की ड्रॅग लिंकचं टोक पुढे येतं. स्टीअरिंग शाफ्टच्या क्रॉसचा (युनिव्हर्सल जॉइंटचा) निप्पल वरच्या बाजूला गेला असेल तर आत कुणाला तरी बसवून स्टीअरिंग हळूहळू फिरवायला सांगा, तो समोर आला की हाक मारा (तोपर्यंत तुमचे हात लिंकेजपासून लांब ठेवा). बऱ्याच डिझेल पुशरमध्ये पुढे जनरेटर सरकत्या ट्रेवर असतो, तो बाहेर ओढला की शाफ्टपर्यंत रस्ता मोकळा होतो, लोक उगाच खालून आडवे पडून धडपडत बसतात. ग्रीस गनला फ्लेक्सिबल होज आणि लिव्हरने पकडून ठेवणारा लॉकिंग कपलर लावा, म्हणजे एका हाताने काम होतं. तरी कपलर बसत नसेल तर सरळ निप्पल काढून ४५ किंवा ९० अंशांचा लावा, फक्त आधी थ्रेड बघून घ्या, १/४-२८ आणि १/८ पाइप थ्रेड वेगवेगळे असतात.

किंगपिनला ग्रीस देताना चाकं उचलायची की जमिनीवर ठेवायची यावर लोक वाद घालतात. मेरिटर या अ‍ॅक्सल कंपनीच्या मॅन्युअलमध्ये चाकं जमिनीवर टेकलेली ठेवा असं आहे, दुसऱ्या कंपनीचा अ‍ॅक्सल असेल तर त्यांचं मॅन्युअल बघा, यूट्यूबवरच्या माणसाच्या अ‍ॅक्सलचा नियम आपल्याला लागू होईलच असं नाही. पण पंप मोजून थांबू नका हे कुठेही लागू आहे. आधी काळपट, कधी गंज मिसळलेलं लालसर ग्रीस बाहेर येतं, मग हळूहळू नवीन स्वच्छ ग्रीस दिसतं, तिथे थांबायचं. टाय रॉडच्या टोकाला मात्र रबरी बूट असतो, तो जरा फुगला किंवा कडेने ग्रीस डोकावलं की बास. हावरटपणा केला तर बूट फाटतो आणि मग पाणी-माती थेट सांध्यात.

स्टीअरिंग गिअर बॉक्सच्या सेक्टर शाफ्टजवळचा (बॉक्समधून बाहेर येऊन स्टीअरिंगचे दांडे हलवणाऱ्या शाफ्टजवळचा) निप्पल वेगळा समजा. टीआरडब्ल्यूच्या टॅस सिरीजसारख्या बॉक्सला तो असतो आणि तिथे फक्त हाताची गन चालते. हवेवरची किंवा बॅटरीची गन इतक्या जोरात ग्रीस ढकलते की आतल्या हायड्रॉलिक सीलची वाट लागू शकते आणि ग्रीस पॉवर स्टीअरिंगच्या तेलात जातं. हळू हळू पंप करा, बाहेरच्या सीलमधून ग्रीस दिसलं की झालं. नव्या बॅटरी गनचा उत्साह असतो हे कळतं, पण इथे नको.

ग्रीस कुठलं? बहुतेक ठिकाणी एनएलजीआय २ ग्रेडचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा क्रमांक) लिथियम कॉम्प्लेक्स चालतं, तरी चार्ट बघा. आधी काय भरलंय ते माहीत नसताना पॉलियुरिया किंवा क्ले बेसचं ग्रीस त्यावर मारू नका, काही ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन गळून जातात.

निप्पल ग्रीस घेतच नसेल तर आधी फडक्याने पुसा, मग बारीक पिनने आतली गोळी दबते का बघा. नाही दबली तर निप्पलच बदला, दोन-चार डॉलरच्या आतलं काम आहे. नवीन लावूनही जात नसेल तर आतला मार्ग सुकलेल्या ग्रीसने बंद आहे, पेनिट्रेटिंग ऑइल सोडून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी चाकं दोन्हीकडे वळवून परत प्रयत्न करा. जोर लावत असताना होज किंवा कपलर हाताने घट्ट दाबून धरायचं नाही. गनमध्ये हजारो पीएसआय प्रेशर तयार होतं, होजला बारीक चीर असेल तर ग्रीस कातडीखाली घुसतं. बाहेरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही फारसं, पण ती सर्जिकल इमर्जन्सी आहे, लगेच हॉस्पिटल गाठायचं आणि ग्रीस घुसलंय हे स्पष्ट सांगायचं.

शेवटी, गाडी वळणानंतर सरळ होत नाही, उभ्या जागी स्टीअरिंग फिरवताना कुरकुर येते, जड लागतं, तर किंगपिन किंवा शाफ्टचा स्लिप जॉइंट (आत-बाहेर सरकणारा सांधा) कोरडा असण्याची शक्यता जास्त. पण हायवेवर गाडी इकडून तिकडे भरकटते म्हणून ग्रीस मारत बसलात तर निराशाच होईल. एखादा सांधा झिजून ढिला झाला असेल तर ग्रीस तो परत घट्ट करत नाही. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टीअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवायला लावा आणि बाजूला उभं राहून प्रत्येक सांधा बघा, एक भाग हलला आणि पुढचा उशिरा हलला तर तिथे प्ले (ढिलेपणा) आहे, तो पार्ट बदलायचा. तिथेही काही सापडलं नाही तर सामान-पाणी भरून गाडीचं वजन करा, टायर कंपनीच्या टेबलप्रमाणे हवा भरा आणि त्यानंतरच अलाइनमेंटला जा.