बडोद्यात समुद्र नाही, पण पाण्याखालच्या आवाजाचं काम पिंपात शिकता येतं

इंजिनिअरिंगला आहात आणि अंडरवॉटर अकूस्टिक्समध्ये यायचंय, तर माझा अनुभव सांगतो. मी बडोद्याच्या दांडिया बाजारचा, शिकलो तिथल्याच कलाभवनात, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात. फायनल इयरला 200 लिटरचं प्लास्टिकचं पिंप घेतलं, दोन पिएझो डिस्क (वीज दिली की थरथरून आवाज काढणाऱ्या आणि आवाज आला की वीज देणाऱ्या चकत्या) एराल्डाइटने सील करून 50 सेंटीमीटर अंतरावर टांगल्या, एकीतून 40 किलोहर्ट्झचे छोटे पल्स सोडायचे आणि दुसरीवर कधी पोचतात ते ऑसिलोस्कोपने बघायचं. पाणी 25 डिग्रीवरून 35 वर नेलं (आईचा हीटरचा रॉड, रीडिंगच्या आधी प्लग काढायचाच) की पल्स साधारण 5 मायक्रोसेकंद लवकर पोचायचा. गरम पाण्यात आवाज जास्त वेगाने जातो, समुद्राचं तापमान मोजायचं ते याच तत्त्वावर.

पण सिग्नल अर्ध्यावर आला आणि मी दोन दिवस तो तापमानाचाच परिणाम समजून ग्राफ काढत बसलो! शेवटी पाण्यात हात घातला तेव्हा कळलं, पाणी तापल्यावर त्यातली हवा सुटून डिस्कवर बारीक बुडबुडे चिकटलेत. साबणाच्या पाण्याने पुसल्या, सिग्नल परत. तेव्हापासून कुठलाही सोर्स, म्हणजे आवाज सोडणारं उपकरण, पाण्यात गेला की आधी पुसतो, भिजू देतो, मगच रीडिंग. आणि पिंपाच्या भिंतींवरून प्रतिध्वनी येतात, म्हणून फक्त पहिला पोचलेला पल्स धरायचा, मागचं सगळं सोडायचं.

समुद्राचं तापमान मोजणाऱ्या खऱ्या सोर्सचं मात्र वेगळं असतं. 1991 मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेकडच्या हर्ड बेटाजवळून समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांच्या टीमने 57 हर्ट्झचा आवाज सोडला, तो हजारो किलोमीटर लांब ऐकू आला. पुढे पॅसिफिकमध्ये 75 हर्ट्झचे सोर्स बसवले, तेही व्हेलना त्रास होईल का यावरून बराच वाद झाल्यावर, तो वाद नीट वाचा कारण परवानगी हा या कामाचाच भाग आहे. आता 75 हर्ट्झची वेव्हलेंग्थ 20 मीटर, मग टाकीत टेस्ट कशी करणार? चेन्नईच्या एनआयओटीची (समुद्र तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था) टेस्ट टँकच 16 मीटर लांब आहे. म्हणून कमी फ्रिक्वेन्सीला खोल तलाव लागतो, कोचीच्या एनपीओएलने (डीआरडीओची नौदलासाठीची प्रयोगशाळा) त्यासाठी इडुक्कीत कुळमावूला सोय केलीय.

एम.टेक.साठी आयआयटी दिल्लीचं केअर (सेंटर फॉर अप्लाइड रिसर्च इन इलेक्ट्रॉनिक्स) बघा, त्यासाठी गेटची तयारी लवकर सुरू करा.

आणि सोर्स टेस्ट करताना नुसता डेसिबल बघून थांबू नका. 1000 किलोमीटरवर पाणी 0.01 डिग्रीने तापलं तर आवाज जेमतेम 20 मिलिसेकंद लवकर येतो, आणि दोराला टांगलेला सोर्स प्रवाहाने 15 मीटर सरकला तर त्यातच 10 मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणून सोर्स नेमका कुठे आहे आणि त्याचं घड्याळ किती चुकतंय हे प्रत्येक रीडिंगसोबत वहीत लिहा.