सेल्फ लागत नाही? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

पाऊस लागला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या गाळ्यात दोरीला बांधलेल्या गाड्या यायला सुरुवात होते. बॉनेट उघडावं तर आत कोरी करकरीत बॅटरी, आणि सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, मात्र ‘टक’ करून गप्प. व्होल्ट मोजायचा मीटर न लावता बॅटरी बदलायची ही हौस मला आजवर कळलेली नाही.

गेल्या आषाढात गगनबावड्याकडचे एक दूधवाले आले. नवी बॅटरी झालेली, दोन ठिकाणी सेल्फ खोलून झालेला. हेडलाइट झक्क. सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर धरला, तर 12 व्होल्ट तसेच उभे. बॅटरी खरंच मेली असती, तर आकडा साडेनऊच्या खाली कोसळला असता. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडावर ठेवली आणि पोराला चावी फिरवायला लावली. तिथे 0.2 च्या आत दिसायला हवं. दिसले 4 व्होल्ट! गिअरबॉक्सखालची अर्थची पट्टी, म्हणजे इंजिनला मायनसशी जोडणारी तारांची पट्टी, चिखलापाण्याने हिरवी पडून चार तारांवर लोंबत होती. जंपर केबलने मायनस इंजिनला जोडला, पहिल्या झटक्यात गाडी चालू.

चावी फिरवणारं पोर म्हणालं, “पण मामा, आधीच्या वायरमनचा टेस्ट लॅम्प, तो करंट बघायचा छोटा दिवा, तर पेटत होता की!” पेटणारच. दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही, सेल्फला शंभराच्या वर लागतात. म्हणून टेस्ट लॅम्प मी फक्त फ्यूज बघायला ठेवलाय.

आवाज न ऐकता पाना उचलू नका. टकटकटक झालं तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं. एकच दणकट टक आला तर सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच), मोटर नाहीतर जाड केबल. काहीच आवाज नाही? फ्यूज, रिले, चावीचा स्विच, क्लच स्विच.

टर्मिनल वरून पुसून भागत नाही. काढा, आतून घासा. काढताना मायनस आधी, बसवताना शेवटी.

सेल्फवर हातोडी मारून गाडी चालू होते, खरंय. बहुतेक वेळा आतले कार्बन (मोटरला करंट देणारे ब्रश) संपलेत, एवढाच त्याचा अर्थ. ती गाडी तशीच घाटात न्यायची नसते.

आणि स्क्रू-ड्रायव्हरने सोलेनॉइड शॉर्ट करणारे बहाद्दर! गाडी गिअरमध्ये असली तर सरळ अंगावर येते. माझ्या गाळ्यात हे करणाऱ्या पोराला मी त्या दिवशी फक्त चहा आणायला पाठवतो.

दूधवाल्यांनी जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली होती. पट्टी बसली काहीशे रुपयांत.