सी प्लस प्लसमध्ये कॉन्स्ट वेक्टरवर इटरेटर कसा फिरवावा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरील मासळीचे दर एका वेक्टरमध्ये (आकार वाढू शकणाऱ्या यादीत) साठवले असून, बेरीज करणाऱ्या फंक्शनला तो कॉन्स्ट रेफरन्स म्हणून, म्हणजे प्रत न काढता फक्त वाचण्यासाठी, दिला आहे, असे समजा. इटरेटर म्हणजे यादीतील एकेका घटकाकडे निर्देश करत पुढे सरकणारी वस्तू. अशा वेक्टरवर बिगिन, म्हणजे सुरुवातीचा इटरेटर, मागितल्यास कॉन्स्ट इटरेटर (const_iterator), म्हणजे घटक फक्त वाचू देणारा इटरेटर, मिळतो. तो साध्या इटरेटर प्रकारच्या चलात ठेवू गेल्यास कंपायलर अडवतो, आणि ते योग्यच आहे, कारण एरवी त्या वाटेने बांगड्याचा दर बदलता आला असता. म्हणून चलाचा प्रकार कॉन्स्ट इटरेटर असा लिहावा किंवा, अधिक सोयीचे म्हणजे, २०११ च्या मानकाने दिलेला ऑटो वापरावा, म्हणजे प्रकार कंपायलरच ठरवतो. साध्या इटरेटरपुढे वेगळा कॉन्स्ट जोडणे हा उपाय नव्हे: तसे केल्यास इटरेटरच जागेवर खिळतो आणि वाढवता येत नाही. वेक्टर बदलता येण्याजोगा असूनही केवळ वाचायचा असल्यास सुरुवात व शेवट कॉन्स्ट इटरेटरच्या रूपात देणारे सीबिगिन व सीएंड घ्यावेत.